नस ओळखणारे हबीबभाई

दिग्रसहून फोन आला तेव्हा माझ्यासमोर सोनोग्राफीच्या टेबलावर पेशंट होती. हबीबभाईंचा मुलगा बोलत होता. "मॅडम, अब्बा गेले. चहा पिऊन बसले होते... बसल्या जागीच." मी फोन ठेवला आणि हातातली तपासणी पूर्ण केली. पेशंटला तसंच टाकून निघाले असते तर हबीबभाईच रागावले असते. त्याला आता दीड महिना होत आला.

हबीबभाई सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ. गावोगाव फिरायचं, अंगावरचे चट्टे पाहायचे, हातापायांच्या नसा चाचपायच्या, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं आणि निवृत्तीनंतरही सोडलं नाही. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, बोटांना जाणीव आणि बळ देणारी. कुष्ठरोगात ती सुजून जाड होते आणि वेळेत कळलं नाही तर बोटं कायमची वाकडी होतात. मी यवतमाळात सोनोग्राफी करणारी, माझे दिवस पोटातले खडे शोधण्यात जायचे. नसांची सोनोग्राफी मी हौसेनं शिकून आले होते, पण त्यासाठी वर्षभरात एकही पेशंट कुणी पाठवला नव्हता. पहिली पेशंट हबीबभाईंनी आणली, एसटीनं, स्वतः सोबत येऊन.

कापसावर फवारणी करताना विषबाधा होण्याची ती वाईट वर्षं होती. कुणाचा हात बधिर झाला की घरचे, शेजारचे, कधी कधी डॉक्टरसुद्धा म्हणायचे, फवारणीचा असर आहे, उतरेल. जिनिंगमध्ये कामाला जाणारी कमल असंच ऐकत वर्षभर थांबली होती. तिची करंगळी वळायला लागली होती.

"अंगावर चट्टा एकबी नाई मॅडम, म्हणून कोणी मानूनच नाई राह्यलं," हबीबभाई म्हणाले. "पण कोपरामागची नस मले सुतळीवाणी लागते. तुमी मशीननं पाहा."

मला खरं तर ते जरा अतीच वाटलं. त्यांनी डोळे मिटून तिच्या कोपरावर बोट फिरवलं, एका जागी थांबले आणि तिथे पेनानं खूण केली. मी जेली लावून प्रोब ठेवला. निरोगी नस आडवी कापल्यासारखी दिसते तेव्हा तिच्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं असतात. कमलच्या नसेत ती घरं पुसून गेली होती. नस काळी पडून दुप्पट फुगली होती, आणि सगळ्यात जास्त फुगलेली जागा बरोबर त्या खुणेखाली होती. रक्तप्रवाह पाहिला तर नसेच्या आत लाल ठिपके लुकलुकत होते. म्हणजे सूज ताजी होती आणि हात वाचवता येणार होता. सरकारी दवाखान्यात पुढच्या तपासण्या झाल्या, निदान पक्कं झालं, औषधं सुरू झाली. सात-आठ महिन्यांनी कमल स्वतःच्या हातानं पाटीभर बोरं घेऊन आली.

मग आमची जोडीच जमली. दिग्रस, बाभुळगाव, पार वणीपर्यंतचे पेशंट ते पाठवत राहिले. एकदा त्यांनी जाड म्हणून सांगितलेली नस साफ निरोगी निघाली, शेजारी पाण्याची गाठ होती. "आज मशीन जिंकली बापा!" म्हणत ते मनमोकळं हसले, आणि ती गाठ बोटाला कशी लागते हे त्यांनी तीनतीनदा चाचपून शिकून घेतलं. तेव्हा साठी ओलांडली होती त्यांनी.

आणि मग एका दुपारी ते एकटेच आले. खुर्चीवर बसेनात.

"मॅडम, दरवाजा लावा."

मी लावला. त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं चार महिन्यांपासून बधिर होती. त्या बोटांना आता पेशंटची नस लागत नव्हती. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, भाभींनासुद्धा नाही. "जिंदगीभर याच पेशंटमंदी राह्यलो," ते खाली पाहत म्हणाले. पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही.

मी आधी कोपर पाहिलं. नस बारीक, घरं स्वच्छ. मग प्रोब मनगटावर आणला. तिथे मधली नस मनगटातल्या आडव्या, चिवट पट्ट्याच्या आधी फुगली होती आणि पट्ट्याखाली चेपली गेली होती. साखरेच्या पेशंटना हे होतं, आणि त्यांना साखर होती. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. "दबलेली आहे नस, हबीबभाई. मनगटात. दुसरं काही नाही. छोटं ऑपरेशन करून मोकळी होईल."

ते पडद्याकडे पाहत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलंही नाही. मग म्हणाले, "तीस वर्सं लोकायले सांगत आलो, बिमारीले घाबरू नोका, लपवू नोका. अन् मीच दरवाजा लावाले सांगतलं..."

उठून त्यांनी स्वतःच दार सताड उघडलं आणि बाहेरच्या बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ऑपरेशनची चौकशी केली.

ऑपरेशन झालं, बोटं पुष्कळशी परत आली. पण मला त्यांचं खरं मोठेपण दिसलं ते त्यानंतर. गावात गेले की ते आता आधी स्वतःचीच गोष्ट सांगायचे. मलेबी भेव वाटलं होतं, मीबी चार महिने लपवलं, चूक केली... त्यांच्या पगारी नोकरीत जेवढी माणसं आपण होऊन पुढे आली नव्हती तेवढी या एका कबुलीनं आली, असं माझं ठाम मत आहे.

परवा बाभुळगावकडचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक आला. मी सांगायच्या आधीच त्यानं बाही वर केली. नस जाड होती. मी आजाराचं नाव स्पष्ट सांगितलं. त्यानं विचारलं, "गोळ्या कवापासून घ्याच्या?"

"उद्या सरकारी दवाखान्यात तपासणी, मग लगेच."

बाही खाली करता करता तो म्हणाला, "हबीबचाचाले सांगजा मॅडम. त्यायनं चार महिने लपवलं होतं. मी आठ दिवसांत आलो."