गप्प राहण्याची परीक्षा

पोलंडमधल्या क्राकूवच्या त्या कचेरीत बोझेना एकोणीस वर्षं जर्मन कारखान्यांची बिलं तपासत आली होती. हे काम तिने एका जर्मन बाईकडून शिकून घेतलं होतं. त्या बाईचं पुढे काय झालं, हे तिने कधी विचारलं नाही. आता काम मनिलाला चाललं होतं, आणि मारिविक नावाची तिथली मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्यावरून ते तिच्याकडून शिकत होती.

आज शेवटची परीक्षा. मारिविकने सगळं एकटीने करायचं, बोझेनाने नुसतं पाहायचं. मुलगी पास झाली की उद्याच बोझेनाच्या हातात नोटीस. नापास झाली तर तिच्या जागी दुसरी कुणी येणार आणि सगळं महिनाभर लांबणार. दहा दिवसांनी बोझेनाला छप्पन्न वर्षं पूर्ण होत होती. त्या वयाच्या बाईला पेन्शनीपर्यंत कामावरून काढायला कायदा आडवा येतो.

"आज तोंडाला कुलूप लाव," शेजारच्या ग्राझिनाने चहा ढवळत बजावलं.

"माहितीय गं."

"काही माहीत नाही तुला. दुसरं कुणी चुकलं की तुला राहवत नाही."

साहेब तिमोन, बोझेनाच्या मुलाच्या वयाचा, खुर्ची ओढून बसला. तिकडे मारिविकची बोटं भराभर चालू लागली. एकेक बिल बरोबर सुटत गेलं. मग ती थबकली. गेल्या महिन्यात चुकतं केलेलं एक बिल नव्या क्रमांकाने पुन्हा आलं होतं. पडद्यावरचा बाण त्यावर घुटमळत राहिला.

पोरगी वाट पाहतेय, हे बोझेनाला कळलं. इतके दिवस ती चुकायला लागली की बोझेना घसा खाकरायची. खाकरली नाही, म्हणजे बरोबर. हे दोघींनी कधी ठरवलं नव्हतं.

माइक चालू होता. घशाशी काहीतरी आलं. बोझेनाने ते गिळलं.

बाण टेकला. बिल मंजूर झालं.

"नापास," तिमोन पुटपुटला.

"माझं चुकलं, मॅडम," मारिविक म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "तुम्ही गप्प होतात, म्हणून वाटलं बरोबर आहे."

"त्यांनी गप्पच बसायचं होतं," तिमोन म्हणाला. "नियम आहे तसा."

मुलगी पडद्यातून बोझेनाकडेच पाहत राहिली.

"हो," बोझेना म्हणाली. "नियम आहे."