लोणच्याचे सर्वेक्षण

दौलतगंजच्या आमच्या गल्लीतील पुरुष अजूनही मला देवळाच्या पायरीवर गाठून विचारतात, "गुरुजी, त्या लोणच्याच्या सर्व्हेचं पुढं काय झालं?" प्रश्न निर्मळ मनाने येतो, म्हणून मीही तो निर्मळ मनाने ऐकून घेतो. लोणच्याचे सर्वेक्षण असे काही नव्हतेच, हे सांगण्याचा मला अधिकार नाही.

माझी नात, मुलीची मुलगी, विद्यापीठात संशोधन करते. पती-पत्नींमधील हिंसा हा तिचा विषय. व्याकरण हा अभ्यासाचा विषय, मीमांसा हा अभ्यासाचा विषय. शेजारच्या घरात ताट आपटल्याचा आवाज हा अभ्यासाचा विषय कसा, हे मला प्रथम उमगेना. तिने समजावले की यावर देशोदेशी अभ्यास झाले आहेत आणि हात उगारणे हा त्यातला केवळ एक भाग. बायकोचा फोन आपल्या खिशात ठेवणे, तिला माहेरी बोलू न देणे, भाजीलासुद्धा एकटी न सोडणे, हेही त्यातच मोडते.

हे ऐकून मी समोरच्या घराकडे पाहिले. तेथे माझे एक यजमान राहत; त्यांच्या घरची पूजाअर्चा मीच सांगे. सराफ्यात त्यांचे चांदीचे दुकान. "प्रेम असावं तर असं, बायकोला एक पाऊल एकटी टाकू देत नाही," असा त्यांचा गल्लीत लौकिक होता. त्यांच्या पत्नीला मात्र आठवड्याआड दार लागे, कधी ओटा लागे, एकदा कपाटाचा कोपरा भुवईवर लागला. एका घरातील लाकूडकाम इतके आक्रमक कसे, असे कोणी विचारले नव्हते.

नातीच्या कामाचे नियम एखाद्या अनुष्ठानासारखे कडक होते. बाईशी एकांतातच बोलायचे. बाहेर विषय सांगायचा तो बायकांच्या आहाराचा आणि आरोग्याचा. मध्येच कोणी आले, तर त्या क्षणी स्वयंपाकाचे प्रश्न सुरू करायचे.

"म्हणजे असत्य?" मी विचारले.

"नाही आजोबा. आहाराचे प्रश्नही मी विचारते, उत्तरं पण खरंच लिहून घेते."

यजमान माझे, म्हणून त्या घरी तिला मीच घेऊन गेलो आणि बाहेरच्या खोलीत बसलो. आतल्या खोलीत पहिला प्रश्न विचारून होतो न होतो, तोच यजमान दुकानातून आले आणि दार सताड उघडून थेट आत गेले. नातीने श्वासही न बदलता विचारले, "लोणच्यात मेथी घालता का?"

"अरे, हिला काय विचारता? मला विचारा ना!" यजमान मांडी घालून बसले. "लिहा. मेथी बिलकुल नाही. कडू लागते. तेल सरसोंचं. हिंग डबल."

"मला आवडते मेथी," पत्नी हळूच म्हणाली.

"सुन रहे हैं गुरुजी? हिला आवडते!" जणू मोठाच विनोद झाला होता. शेजारचे निवृत्त बँकवाले जाताना दिसले, तशी यजमानांनी दारात जाऊन हाक मारली, "या या, लोणच्याचा सर्व्हे चाललाय!" तेवढ्या अवकाशात, हे नातीने मला नंतर सांगितले, ती नातीचे मनगट धरून म्हणाली, "परत या. मला एकदा एकटीला बोलू द्या. फक्त एकदा."

पुढले दिवस विलक्षण होते. माझ्या ओसरीवर पुरुषांची रीघ लागली. बँकवाले आपल्या आईची कृती कागदावर लिहून घेऊन आले. सरसोंचे, म्हणजे मोहरीचे, तेल की तिळाचे, यावरून दोन सख्ख्या मावसभावांनी बोलणे सोडले. आयुष्यात ज्यांनी फोडणी दिली नव्हती, ते फोडणी कोमट असावी की गार, यावर मला मध्यस्थ नेमू लागले. नात सगळे लिहून घेत होती. "आता लिहिणं भाग आहे, आजोबा. नहीं तो शक येईल." ज्या एकीचे उत्तर हवे होते, ती समोरच्या खिडकीत उभी असे आणि तिच्या मागे तो.

"एवढं कठीण आहे, तर तिनं सरळ निघून का जाऊ नये?" मी एकदा विचारले.

नात गंभीर झाली. "बाई निघायचं ठरवते ना, तेव्हाच सगळ्यात जास्त खतरा असतो. अभ्यास हेच सांगतात. आधी तिला मदत केंद्राची माहिती हवी, जागा हवी. त्यासाठी निवांत वेळ पाहिजे, आणि तो तर उठतच नाही तिच्याजवळून."

"मग तो उठू शकणार नाही असे आसन हवे," मी म्हणालो.

श्रावण तोंडावर होता. मी यजमानांना सुचवले की व्यापारवृद्धीसाठी यंदा रुद्राची एकादशिनी, म्हणजे अकरा आवर्तने, करावी आणि अभिषेकपात्र टांगून न ठेवता धार स्वहस्ते धरावी. "फार थोड्यांना झेपते," मी म्हणालो, आणि ते खरेच होते. त्यांनी त्याच दिवशी सराफ्यातील सगळ्या व्यापारी मित्रांना निमंत्रणे दिली.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांनी आपल्याच घरी सोवळे नेसले. अंगरखा खुंटीला गेला आणि अंगरख्याच्या खिशात दोन्ही फोन गेले; त्यांचा आणि तिचा. संकल्पाआधी मी सर्वांसमक्ष नियम सांगितले: आसन सोडायचे नाही, मौन मोडायचे नाही, धार तुटू द्यायची नाही. माझे जोडीदार ब्राह्मण पात्रात पाणी घालत राहिले. नात सर्वेक्षणाचे उरलेले प्रश्न विचारण्यासाठी वर माडीवर, त्यांच्या पत्नीकडे गेली. "मेथी लिहू नका म्हणावं," मौनापूर्वीचे यजमानांचे हे शेवटचे वाक्य.

मी एक अक्षरही गाळले नाही. गाळणे हा दोष आहे. पुन्हा म्हणणे हा नाही. अकरा आवर्तने संपली तेव्हा वरून कोणी आले नव्हते, म्हणून मी लोककल्याणार्थ पुढचे सुरू केले. यजमानांची धार आता वेडीवाकडी पडत होती. मित्रमंडळी धन्य धन्य म्हणत होती.

मग जिन्यावर पावले वाजली. पुढे नात, मागे ती, हातात कापडी पिशवी. ती खुंटीपाशी थांबली. अंगरख्याच्या खिशातून तिने आपला फोन काढला, त्यांचा तसाच राहू दिला. यजमानांच्या कंठातून "हूं! हूं!" असा ध्वनी निघाला. व्यापारी मंडळींनी तो भक्तीचा मानून हात जोडले. माझे जोडीदार कानाने अधू. त्यांनी आणखी पाणी घातले.

"गुरुजी, नैवेद्याचा भात झाकून ठेवलाय," ती म्हणाली. "मी जाते."

आपल्याकडे निघताना 'येते' म्हणतात. तिने ते म्हटले नाही.

यजमानांनी पिंडीकडे पाहिले, मित्रांकडे पाहिले, उघड्या दाराकडे पाहिले. बायकोवर उठताना जो हात कधी अडखळला नव्हता, तो पाण्याची धार तोडायला धजावला नाही. त्या दिवशी मला हसू आले नाही. आता कधी कधी येते. रिक्षा स्टेशनाकडे, पडावाच्या दिशेने गेल्याचा आवाज विरेपर्यंत, आणि त्यानंतरही बराच वेळ, मी म्हणत राहिलो. इतक्या एकाग्रतेने रुद्र माझ्याकडून पूर्वी झाला नव्हता.

शेवटी त्यांचे पाय इतके बधिर झाले होते की दोघांनी धरून उठवले. मंडळी पांगल्यावर ते माझ्यावर ओरडले, "थांबवायचं नाही का तिला?"

"संकल्प झाल्यावर आसन सोडू नये, हे मी सांगितलेच होते," मी म्हणालो. "तिचा संकल्प बहुधा तुमच्या आधी झाला असावा."

त्यानंतर ते अनेकदा माझ्या दाराशी येऊन तिचा पत्ता मागू लागले. मदत केंद्रामार्फत जागा नातीने आधीच पाहून ठेवली होती, पण पत्ता तिने मला सांगितलाच नव्हता. मला खोटे बोलता येत नाही, हे तिला ठाऊक आहे. आता प्रकरण न्यायालयात आहे आणि यजमानांचा रुद्र दुसरे गुरुजी करतात.

परवा नातीने एक छोटी बरणी आणून दिली. कोणी पाठवली हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. कैरीचे लोणचे होते. फोडीगणिक मेथी, अगदी सढळ हाताची. जिभेवर ती कितीतरी वेळ रेंगाळली. थोडे मी देवापुढे ठेवले.

आज पायरीवर बँकवाल्यांनी पुन्हा विचारलेच, "गुरुजी, त्या सर्व्हेचा निकाल?"

"लागला," मी म्हणालो. "मेथी घालावी."