भोवत्यांचं गवत जळालं

मंडळी, हात अजून काळेच आहेत. मुरुडजवळच्या आमच्या माळावर आज दुपारी चुलत्यांनी गवत पेटवलं. मी धावतच गेले.

“काका, भोवत्या पक्षी इथंच गवतात झोपतात!”

“मला काय ठाव गं बाय! पाखरं झाडावर झोपतेत म्हनलं. जनावरांला नवं गवत फुटंल म्हणून पेटवलं.”

मग तेच लिंबाची फांदी घेऊन माझ्यासोबत आग झोडपायला लागले. काहीच वाचलं नाही.

मध्य आशियात बर्फ पडलं की हे शिकारी पक्षी आपल्याकडचे नाकतोडे खायला येतात. आज दिवस मावळताना ते झोपायला माळावर आले. राखेवर घिरट्या घालत राहिले, उतरेनात. अंधारात दिसेनासे झाले.

तुमच्या शिवारात उभं गवत उरलंय का? पाया पडते, पेटवू नका.