बादलीच्या तळाशी राहिलेला युरिया

नव्वदच्या दशकात मी शिरोळ भागात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक मला डॉक्टरच म्हणत आणि मीही त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही. नुकतंच एक प्रशिक्षण घेऊन आलो होतो. मेंढीच्या पोटातले जंतू युरियापासून प्रथिनं बनवतात. पेंड परवडत नसेल तर अगदी मोजका युरिया आणि काकवी पाण्यात विरघळवून भुस्कटावर शिंपडायची. उन्हाळ्यात तिथल्या मेंढ्यांच्या बरगड्या मोजता येत. मला वाटलं, परीसच हाती लागला.

माळावर एक धनगर मावशी मुलगा-सुनेबरोबर राहायच्या. कळपामागं दिवसभर त्याच चालायच्या. माझं ऐकून त्या फिसकन हसल्या.

"डाक्टर, उसाला टाकायचं ते मेंढराच्या पोटात घालायचं व्हय? खत मेंढरानं द्यायचं आस्तंय, खायाचं न्हाय."

मी हट्टाला पेटलो. आठवडाभर रोज जाऊन स्वतः मोजलं, ढवळलं, झारीनं शिंपडलं. मेंढ्या भुस्कट चाटूनपुसून खाऊ लागल्या तशा मावशीही नरमल्या. मग मी काम त्यांच्यावर सोपवलं आणि निघताना ऐटीत बजावलं, "मावशी, थेंबसुद्धा वाया घालवायचा नाही हां." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते कर्तृत्व वाटत होतं.

वाया घालवणं त्या घराला माहीतच नव्हतं. तिथं दुधाचं भांडंसुद्धा विसळून ते पाणी अशक्त कोकराला पाजत. तिसऱ्या दिवशी मावशींनी शिंपडून झाल्यावर बादली विसळली. तळाशी न विरघळलेला युरिया बसला होता. ते गोड पाणी त्यांनी जुळी कोकरं पाजणाऱ्या मेंढीपुढं ठेवलं, तिला जास्त गरज म्हणून.

निरोप मिळून मी पोचलो तेव्हा मेंढी फुगून मरून पडली होती, तोंडाला फेस होता. बादलीला चिकटलेले पांढरे कण दिसले आणि मला सगळं कळलं. पूर्ण विरघळू द्या, तळ मेंढरांना पाजू नका, हे सांगायला मीच विसरलो होतो.

मुलगा म्हणाला, "कशानं गेली वो?"

मी मावशींकडं वळलो. "सकाळी कुठं चारली होती?"

"पाटाच्या कडंनं. कापल्याला जोंधळा हाय तितं."

"मग फुटवे खाल्ले असतील. विषारी असतात ते."

जोंधळ्याचे कोवळे फुटवे विषारी असतातच, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. मुलगा आईवर खेकसला, "एवढंबी कळंना व्हय तुला?" मावशींनी मान खाली घातली. "माजं ध्यान न्हवतं," एवढंच म्हणाल्या. मी बादली उचलली, हापशावर नेली आणि घासून धुतली. त्या धुण्याची मला आजही लाज वाटते. काहीतरी सबब सांगून युरिया बंद केला, आणि पुढच्याच वर्षी माझी बदली झाली.

दहाएक वर्षांनी त्या भागात जायचा योग आला, तेव्हा वाट वाकडी करून माळावर गेलो. मावशी दारात लोकर कातत बसल्या होत्या. मेंढरं घेऊन सून गेली होती.

"तुम्ही नाही जात आता?" मी विचारलं.

"जुळ्याची आई गेली तवापासनं पोरगं मला मेंढरामागं सोडत न्हाय. म्हंतंय, तुजं ध्यान नस्तंय. खरंबी हाय की. माज्या हातनंच गेली ती."

मग मात्र मला राहवलं नाही. बादली, तळाचा युरिया, माझं विसरणं आणि त्यावरचं माझं खोटं, सगळं सांगून टाकलं. त्यांनी शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी कातणं थांबवलं आणि पाटाच्या दिशेनं बघितलं.

"हे तवाच सांगायचं की डाक्टर," त्या म्हणाल्या. "तवा पाय चालत हुतं माजं."