घागरीच्या नंबरानं धूमकेतू

लातूरचा जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, साहेबांच्या जीपगाड्या आल्या. पाणी तेवढं मागाहून यायचं होतं. नळयोजनेचे पाइप मात्र दोन वर्षांपासून रस्त्याकडेला शिस्तीत पडून होते. त्यातला एक तुटका तुकडा चांदपाशानं चौकीदाराला विचारून घरी आणला आणि तो त्या योजनेचा पहिला लाभार्थी ठरला.

चांदपाशाचं चष्म्याचं दुकान. पाइपाच्या एका तोंडाला त्यानं अधिक एक नंबराचं चष्म्याचं भिंग बसवलं, दुसऱ्या तोंडाला घड्याळजीचं भिंग, आणि झाली दुर्बीण. मागेल त्याला तो चंद्र दाखवी, वर दुर्बीण करायलाही शिकवी. "विलायती काही न्हाई यात," तो म्हणे, "तुमच्या आजीच्या चष्म्याचाच सगळा कारभार हाय."

शहाऐंशीच्या जानेवारीत हॅलेचा धूमकेतू आला. गल्लीनं त्याला पाहण्याआधीच दुष्काळाचा गुन्हेगार ठरवून टाकलं. चांदपाशाला एकच घोर लागला. हा पाहुणा आठ-दहा दिवसांत संध्याकाळच्या उजेडात बुडणार, मार्चात पुन्हा दिसला तरी भल्या पहाटे, आणि मग थेट शहात्तर वर्षांनी. त्याआधी या लोकांनी त्याला डोळ्यांनी बघायला नको?

हे व्यंकटरावांच्या कानावर गेलं. व्यंकटराव जिल्ह्यातल्या सगळ्या समित्यांचे अध्यक्ष. नव्हती ती 'धूमकेतू दर्शन समिती' त्यांनी दुपारच्या चहात स्थापन केली. दुर्बिणीची तपासणीही केली.

"चांदभाई, समोरची पाण्याची टाकी उलटी दिसून राहिली की!"

"उलटीच दिसती, साहेब. पर रिकामी हाय, सांडायचं काही न्हाई."

कार्यक्रमाच्या दिवशी चांदपाशा मैदानावर पोचला आणि जागीच थबकला. भला थोरला मांडव घातला होता. वर चांगलं जाड, झालरीचं कापड. चहूबाजूंनी हॅलोजन. आकाश औषधालाही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"साहेब, वरचं कापड काढा. अन् दिवे बंद करा."

"वा! पाहुण्यांच्या डोक्यावर दव पडंल त्याचं काय?"

सबंध तालुक्यात तांब्याभर पाणी नव्हतं आणि व्यंकटराव दवाला भ्याले होते.

पाहुणे सातला आले. हार झाले. पहिल्या वक्त्यानं सूर्यमालेची सुरुवात जिल्हानिर्मितीपासून केली. चांदपाशानं घड्याळ पाहिलं. सव्वाआठला धूमकेतू मावळणार होता, आणि चांदपाशाच्या सत्काराची शाल कार्यक्रमपत्रिकेत अकराव्या नंबरावर होती. निघताना बायको अख्तरीनं बजावलं होतं, "शाल घेऊनच या, थंडी लई हाय." त्यानं अख्तरीची मनातल्या मनात माफी मागितली, पाइप सायकलला बांधला आणि मांडवामागून सटकला.

गल्लीच्या तोंडाशी वीज गेलेली. टँकरची वाट बघत बाया बसलेल्या, समोर घागरींची रांग. अंधार, मोकळं आभाळ आणि तयार रांग; समितीला महिन्यात जमलं नसतं ते दुष्काळानं फुकट करून ठेवलं होतं.

"घागरीच्या नंबरानं यायचं," चांदपाशानं पाइप तिवईवर टेकवला. "एक डोळा मिटा."

पहिली घागर नागुबाईची. तिचे दोन्ही डोळे एकदमच मिटत.

"मावशी, हात ठेवा डोळ्यावर."

नागुबाईनं हात ठेवला, बराच वेळ बघितलं. "ह्यो व्हय? पिंजल्याल्या कापसाचा बोळा हाय की रं! ह्यानं पाऊस अडवला?"

"तुम्हीच सांगा."

"ह्याच्यानं वात बी व्हायची न्हाई," ती म्हणाली आणि धूमकेतूची निर्दोष मुक्तता झाली.

टँकर आला तेव्हा सात घागरी उरल्या होत्या. "थांब जरा!" नागुबाई ड्रायव्हरवर ओरडली. टँकर गल्लीची वाट बघत थांबला, हे जिल्हा झाल्यापासून पहिल्यांदाच घडलं. थांबला तो थांबला, ड्रायव्हर आपला पाण्याचा डबा घेऊन रांगेला लागला.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव दुकानात आले. आवाज आज समितीचा नव्हता.

"कुठं गायब झालता? भाषणं संपली, दुर्बीणच न्हाई. पाहुणे मलाच विचारून राहिले. अन् चांदभाई... मी बी बघितला न्हाई हो."

"मग या की आज, टँकरच्या रांगेत."

"माझ्यासाठी पुढं जागा धरा."

"जागा माणसाची न्हाई, साहेब, घागरीची असती."

त्या संध्याकाळी रांगेच्या शेवटी एक कोरी पितळी घागर आली. तिच्यामागं अध्यक्ष उभे होते, हातानं एक डोळा झाकायचा सराव करत. त्यांच्या पुढं एकोणतीस घागरी होत्या, आणि नागुबाई दुसऱ्यांदा नंबर लावून निवांत बघत होती.