निळ्या बादलीचं वजन

मुली पाठीमागे त्यांना ‘मोजपट्टी’ म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. नाव काही खोटं नव्हतं. एखाद्या दिवशी पर्समध्ये कंगवा नसेल, पण आईची शिवणकामाची पिवळी टेप नाही, असं कधी झालं नाही. आई कपडे शिवायची. ‘अंदाजाने कापलं की कापडही जातं आणि गिऱ्हाईकही,’ हे ऐकत बाई लहानाच्या मोठ्या झाल्या आणि भौतिकशास्त्र शिकवू लागल्या.

अकरा वर्षं त्या नववीसाठी दर आठवड्याला एक सरावपत्रिका हाताने लिहीत आल्या होत्या. प्रश्न दहा. नऊ सरळ, एक मुद्दाम अपुरा. कुठे वेळ दिलेला नसे, कुठे अंतर. तो प्रश्न कुठला ते हुडकायचं, काय कमी आहे ते लिहायचं आणि उठून मोजून आणायचं. शाळेचा जिना, फाटक, टाकीचा नळ, सगळं मोजून झालं होतं. शिपाईमावशींचा चालण्याचा वेगसुद्धा. “मावशी, जरा भरभर चाला ना,” असं कुणी म्हटलं की त्या म्हणत, “माझा वेग माझ्या गुडघ्यांना विचार.”

यंदा नवीन मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ एका वडिलांची तक्रार आली: बाईंना प्रश्नसुद्धा धड काढता येत नाहीत. बाईंनी पर्समधली टेप काढून दाखवत आपली पद्धत समजावून सांगितली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि टेबलावर एक चकचकीत छापील संच ठेवला, शेवटी उत्तरं असलेला.

“उद्या तुमच्या तासाला मागे बसते. पटलं तर तुमच्या पत्रिका चालू. नाही तर सोमवारपासून हा संच.”

“बसा की,” बाई म्हणाल्या. “तुमच्यासाठी एक प्रत जास्त काढते.”

समोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे पत्रिका देताना त्यांनी हसत हसतच सांगितलं, “माझ्या प्रश्नांत चुका असतात म्हणे. उद्या मॅडम तपासायला बसणार आहेत. नापास झाले तर पत्रिका बंद.” काकांना मात्र हसू आलं नाही. अकरा वर्षं त्यांच्याच यंत्रातून या पत्रिका निघत होत्या. “ठेवून जा,” ते गंभीरपणे म्हणाले. “सकाळी तयार असतील.”

दुसऱ्या दिवशी मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या. दहा मिनिटं नुसता कागदांचा आवाज. मग कुजबुज.

“बाई, अपुरा प्रश्न सापडतच नाहीये.”

बाईंनी पत्रिका उचलली. सातवा प्रश्न. शाळेतली निळी बादली काठोकाठ भरून पहिल्या मजल्यावर नेली. पायऱ्या वीस, प्रत्येक पायरी पंधरा सेंटिमीटर उंच. बादलीवर किती कार्य झालं? आणि त्यापुढे, त्यांच्या अक्षराची मनापासून नक्कल करून कुणीतरी लिहिलं होतं: ‘बादलीचं वजन ४० किलो.’

वजन! किलोत असतं ते वस्तुमान, वजन न्यूटनमध्ये; किलोत वजन लिहिणाऱ्या मुलीचा बाई अर्धा गुण कापत. काकांनी रिकामी जागा बघितली होती आणि मायेने भरली होती.

आता पत्रिकेत बोट ठेवायला जागा नव्हती. काही न बोलता तास संपवला असता, तर मॅडम खूश आणि पत्रिका वाचल्या. पण वाचलं काय असतं? छापील संचच, फक्त हाताने लिहिलेला.

“सापडत नसेल,” त्या म्हणाल्या, “तर दिलेलंही तपासा.”

सगळ्या माना पुन्हा पत्रिकेवर वाकल्या. मग खिडकीजवळची काटकुळी मुलगी उभी राहिली. “चाळीस किलो? बाई, मावशी रोज ती बादली एका हाताने नेतात!”

“मावशी पहिलवान आहेत,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मोजल्याशिवाय हसायचं नाही,” बाई म्हणाल्या.

खेळाच्या खोलीतला वजनकाटा आला, बादली आली, निम्मं पाणी बूट भिजवत सांडलं आणि पुन्हा भरलं. काटकुळी बादली घेऊन काट्यावर चढली: पन्नास. बादली खाली ठेवली: एकोणचाळीस.

“अकरा!” ती ओरडली. “म्हणजे चाळीसची बादली नाही, मीच! त्या हिशोबाने मावशींनी मला उचलून न्यायचं!”

बाराशे ज्यूल खोडून सगळ्यांनी तीनशे तीस लिहिलं. बाई मॅडमकडे वळल्या. “तो आकडा माझा नव्हता. माझा प्रश्न अपुराच होता.”

मॅडम उठल्या, बाह्या सरकवल्या आणि बादली उचलली. “ही अकरा? मला तर चाळीसच वाटतेय.”

“वाटण्याला गुण नाहीत, मॅडम,” काटकुळी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

मॅडम हसल्या. “तो संच ग्रंथालयात ठेवा,” त्या बाईंना म्हणाल्या. “आणि पालकसभेत त्या वडिलांना तुमची एक पत्रिका द्या. तुमच्या टेपसकट.”

शाळा सुटल्यावर बाई दुकानात गेल्या. काका वाटच बघत होते. “काय मग? सावरून घेतलं ना तुम्हाला?”

बाईंनी त्यांच्या उत्सुक चेहऱ्याकडे पाहिलं. “पास झाले, काका,” त्या म्हणाल्या. मग पुढच्या आठवड्याची पत्रिका काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर पिवळी टेप. “यात कुठे जागा रिकामी दिसली, तर खुशाल भरा. पण आधी मोजून या.”