पॉयसन मास्तरांच्या तीन भाकऱ्या

१२ डिसेंबर १९४१. संध्याकाळी पराती घासताना मास्तरांचं ताट तेवढं वेगळं काढलं. दुपारी ते पेन्शनीत निघून कायमचे निपाणीला, मुलाकडे गेले.

खडेबाजारातल्या माझ्या खानावळीत लोक विचारत, भाजी कसली? कॉलेजात गणित शिकवणारे हे मास्तर विचारत, "आक्का, मोटारीनं किती आले? रेल्वेनं किती?" पॉयसन नावाच्या गणितज्ञाचा त्यांना एवढा लळा, की पोरांनी त्यांनाच पॉयसन मास्तर करून टाकलं.

ते जैन. सूर्य बुडाला की घास नाही, आणि रात्रीची शिळी भाकरी सकाळी चालत नाही. भाकरी संपली तर उपास त्यांनाच. उरली तरी त्यांना उपयोग नाही.

निपाणीच्या मोटारीनं तंबाखूचे व्यापारी सरासरी नऊ येत, तीन-तीन भाकऱ्या खात. रेल्वेनं कारकून चार, दोन-दोन खात. मी पस्तीस थापायची.

"सरासरी बरोबर," मास्तर म्हणाले. "पण व्यापारी एक वाढला की भाकऱ्या तीन जातात. म्हणून व्हेरिअन्स, म्हणजे चढउताराचं माप, पॉयसनच्या नियमानं काढताना नवाला तिनाच्या वर्गानं गुणायचं, एक्क्याऐंशी. कारकुनांचे सोळा. सगळे एकमेकांना न विचारता येतात, म्हणून नुसती बेरीज, सत्त्याण्णव. वर्गमूळ जवळजवळ दहा, तेवढ्या पस्तिसावर जास्त. पंचेचाळीस करा."

"धा उरल्या तर तुमी खाणार व्हय?"

"मला चालत नाहीत."

"मग तुमचं गणित बी चालायचं न्हाय."

तरी रोजची कटकट नको म्हणून एकदा पंचेचाळीस केल्या. नेमकं त्याच दिवशी मोटारीतून वऱ्हाड उतरलं. मास्तर आले तेव्हा टोपली रिकामी आणि ऊन कौलांवर.

"आक्का," ते संतापून म्हणाले, "हे एकमेकांना विचारून आलेत!"

"वऱ्हाड हाय ते. इचारूनच येतंय."

"मग माझं गणित इथं लागूच होत नाही!"

मी घाईघाईनं पीठ मळलं. भाकरी तव्यावर फुगली आणि ऊन गेलं. "छान फुगलीय," म्हणाले, आणि उपाशी घरी गेले.

तेव्हापासून पहिल्या तीन भाकऱ्या मी त्यांच्यासाठी फडक्यात बांधून ठेवू लागले. "ह्या गणितात धरायच्या न्हाईत," असं बजावलंही. ते खायचे, पण हिशेबाबाहेरचं खातोय म्हणून कुरकुरत.

त्या दुपारी निपाणीच्या मोटारीत बसताना त्यांनी विचारलं, "उद्या किती करणार?"

"पस्तीस."

त्यांचा चेहरा पार उतरला. मोटार सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचेचाळीस भाकऱ्यांची ज्वारी दळायला काढली. मग वर आणखी फडक्यातल्या तीन भाकऱ्यांची.